विमानाच्या इंधनटाकीतून वेगाची गाडी: वजन कुठे ठेवायचं, याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात लांबच्या मोहिमेवर निघणाऱ्या लढाऊ विमानांना जादा इंधनासाठी बाहेरून टाकी लटकवत. त्यातलं इंधन संपलं की वैमानिक ती हवेतच सोडून द्यायचा. वाऱ्याला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून टाकीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा असे. युद्ध संपलं आणि अशा कितीतरी टाक्या भंगारात आल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बिल बर्क यांनी 1946 मध्ये पी-51 मस्टँगची 165 गॅलनची टाकी घेऊन तिची गाडी केली. इंजिन पुढे, ड्रायव्हर मागे. ती कोरड्या तळ्यावर ताशी 131 मैलांपर्यंत गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी पी-38 लाइटनिंगची 300 गॅलनहून मोठी टाकी घेतली आणि मांडणी उलटी केली. ड्रायव्हर नाकात, इंजिन त्याच्या पाठीमागे. तेव्हापासून टाकीची गाडी म्हटलं की हीच मांडणी डोळ्यांपुढे येते. ॲलेक्स झिडियास यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची गाडीही अशीच होती आणि 1952 मध्ये ती ताशी 198 मैलांवर पोहोचली.

या गाड्यांच्या वर्गाला लेकस्टर म्हणतात. अंग निमुळतं चालतं, पण चारही चाकं उघडी हवीत. स्पर्धा भरवणारी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन 1937 पासूनची आहे. तिच्या मीट मोहावी वाळवंटातल्या एल मिराज या कोरड्या तळ्यावर होतात आणि ऑगस्टमध्ये युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर स्पीड वीक भरतो. जुन्या इंजिनांसाठी वेगळे वर्ग आहेत. फोर्ड आणि मर्क्युरीच्या फ्लॅटहेड व्ही-8 चा, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या जुन्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा, वर्ग एक्सएफ. आमचं इंजिनही तेच.

आमच्या गटात चौघं. गाडीचा मालक सत्तरी ओलांडलेला, उभा जन्म विमानाच्या कारखान्यात पत्राकामात गेलेला. गाडी चालवणार त्याची मुलगी. तिसरा इंजिनवाला, ज्याच्या हातून गेल्या तीस वर्षांत डझनभर फ्लॅटहेड उभे राहिलेत. चौथा मी. मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरातल्या लेथच्या शेडमध्ये वाढलेला, आता कॅलिफोर्नियात मेकॅनिकल इंजिनिअर. माझ्याकडे आकडेमोड होती. या प्रकरणातली मुख्य चूक आकडेमोडीचीच निघाली, म्हणून ते लिहिणं मला माझं काम वाटतं. नावं आणि गाव मुद्दाम दिलेली नाहीत.

पहिला निर्णय: अस्सल टाकी कापायची का

मालकाला पी-38 ची टाकी एका शेतावर मिळाली. शेतकऱ्याने तिच्यात कित्येक वर्षं डिझेल साठवलं होतं. वरचा अर्धा भाग धड होता, खालच्या भागाला शेपटीकडे गंजाने भोकं पडली होती आणि बरगडीवर एक मोठा पोचा होता. पर्याय दोन. हुबेहूब त्याच मापाचं फायबरचं नवं कवच विकत घ्यायचं आणि अस्सल टाकी आहे तशी ठेवायची, किंवा हीच दुरुस्त करून वापरायची. अशा टाक्या आता फार उरलेल्या नाहीत. एखादं विमान पुन्हा उभं करणाऱ्यांनाही त्या लागतात. धड टाकी असती तर मी कापायला विरोध केला असता. ही मात्र संग्रहालयात ठेवण्याजोगी उरली नव्हती, आणि मालकाचे हात त्याच पत्र्यावर फिरायला शिवशिवत होते. आम्ही हीच घ्यायचं ठरवलं.

इथे एका गोष्टीवर थांबायला हवं, कारण कुणी हे वाचून अशी टाकी कापायला बसेल. इंधनाची जुनी टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. शिवणीत आणि आतल्या पडद्यांच्या कोपऱ्यात चिकट थर बसलेला असतो. त्याला आच लागली की वाफ सुटते, आणि बंद टाकीत तेवढी वाफ पेटायला पुरते. मालकाने दोन दिवस वाफेने टाकी धुतली, मीटरने आतली हवा तपासली आणि तरीही ग्राइंडर लावू दिला नाही. सगळी पहिली काप हाताच्या कात्रीने. आतला जुना रंग खरवडताना चौघांच्या तोंडावर गाळणीचे मास्क होते, कारण विमानाच्या त्या काळच्या रंगात क्रोमेट हे विषारी रसायन असतं. या कामात आम्ही तीन आठवडे घालवले आणि त्यातला एकही दिवस फुकट गेला असं मला वाटत नाही.

दुसरा निर्णय: पिंजरा की छायाचित्र

मालकाच्या डोक्यात 1949 ची गाडी होती. टाकीच्या वरच्या रेषेतून ड्रायव्हरचं फक्त डोकं बाहेर, पुढे हाताएवढी काच, बस्स. भिंतीवर तसं एक छायाचित्रही लावलेलं होतं. आजचे नियम मात्र ड्रायव्हरभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा मागतात आणि हेल्मेट त्या पिंजऱ्याच्या आत असावं लागतं. आमच्या टाकीत मुलगी बसली की पिंजऱ्याची कमान टाकीच्या वर 28 सेंटिमीटर येत होती. मालकाने तिला आणखी आडवं झोपवून बसवता येईल का, हे पाहिलं. तसं बसवल्यावर तिला पुढचं चाक दिसेना.

"डॅड, गाडीत मी बसणार आहे," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर हा विषय पुन्हा निघाला नाही. कमान उंच राहिली आणि मालकाने तिच्यावर डोकं टेकायच्या जागेसारखा उंचवटा पत्र्यात घडवला. तो इतका सुबक उतरला की गाडी बिघडलेली वाटेना. हा उंचवटा पुढे आणखी एका कामाला आला.

चुकलं ते क्रमात. टाकी आधी कापली, पिंजरा नंतर बांधला. त्यामुळे बसण्यासाठी कापलेलं तोंड दोनदा वाढवावं लागलं आणि दुसऱ्या वेळी वरच्या अर्ध्या भागाची ताकद गेली. त्याला आतून पट्ट्या माराव्या लागल्या.

अडचण

2022 च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा मिठावर जायचं ठरलं होतं. त्या वर्षी मैदानावर पाणी साचलं आणि स्पीड वीक रद्द झाला. 2014 आणि 2015 मध्येही असंच झालं होतं. 2014 ला पावसाचं पाणी, 2015 ला मिठाचा थर नीट नव्हता. मीठ कधी मिळेल याची खात्री नसते, तरी आमचा जीव खट्टू झाला. मग हिवाळ्याआधीच्या एल मिराजच्या मीटला जायचं ठरवलं. आज मागे वळून पाहताना तो रद्द झालेला आठवडा आमच्या पथ्यावर पडला असं वाटतं, कारण पुढे जे झालं ते 150 च्या वर झालं असतं.

एल मिराज म्हणजे चिकणमातीचं सपाट तळं. धावपट्टी 1.3 मैलांची, शेवटी वेग मोजायचा सापळा. गाडीला मागून पिकअपने ढकलून सुरू करतात, कारण मागची गिअरिंग इतकी लांब असते की जागेवरून उचलताना क्लच जळेल.

पहिली धाव ताशी 112 मैल. दुसरी 127. दोन्ही वेळा ती उतरल्यावर म्हणाली, मागचा भाग जरा सैल वाटतो. आम्ही टायरची हवा बदलली. तिसऱ्या धावेत 138 च्या आसपास गाडीची शेपूट डावीकडे सरकली. तिने स्टिअरिंग दिलं, शेपूट परत आली आणि उजवीकडे गेली. तिने पाय उचलला. पाय उचलला की वजन पुढे जातं आणि मागची चाकं हलकी होतात, आणि मागे उरलेली पकड तेवढीच होती. गाडी दीड वेळा स्वतःभोवती फिरली आणि धुळीच्या ढगात दिसेनाशी झाली.

त्या ढगाकडे आम्ही किती वेळ पाहत होतो ते सांगता येणार नाही. मग रेडिओवर तिचा आवाज आला, मी ठीक आहे. गाडी उलटली नव्हती. ओरखडाही नव्हता. नाकाच्या शिवणीत आणि पुढच्या आसाच्या बेचक्यात बारीक पांढरट माती पिठासारखी भरलेली होती, बाकी काही नाही.

पॅराशूट होतं, ते उघडलं नाही. खटका सीटच्या उजव्या बाजूला खाली होता. अपघातात हात बाहेर जाऊ नयेत म्हणून ड्रायव्हरच्या मनगटांना पट्टे बांधलेले असतात. त्या पट्ट्यांनी खटक्यापर्यंत हात जातो हे आम्ही गाडी उभी असताना पाहिलं होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर लढत असताना जातो का, हे पाहिलं नव्हतं.

कारणाचा शोध

परत आल्यावर सर्वांत आधी चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले. ड्रायव्हर आत, पाणी भरलेलं. एकूण 900 किलो. पुढच्या आसावर 342, मागच्यावर 558. म्हणजे 62 टक्के भार मागे. हा आकडा मला नवा नव्हता. गाडी बांधतानाच कागदावर तो साधारण एवढाच आला होता आणि मी पुढे गेलो होतो, कारण मागच्या चाकांना ताकद लावायची तर मागे वजन हवं, असं मनात पक्कं बसलेलं होतं. रस्त्यावरच्या गाडीला ते चालतं.

वेगाच्या गाडीला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: वारा तिला कुठे ढकलतो? गाडी जरा तिरकी झाली की अंगावर बाजूने वारा बसतो. त्या जोराचा मध्य वजनाच्या मध्याच्या मागे असेल तर वारा शेपूट मागे ढकलून गाडी सरळ करतो, बाणाच्या पिसांसारखा. मध्य पुढे असेल तर तोच वारा नाक आणखी वळवतो आणि वेग वाढेल तसा जास्त वळवतो. टाकी विमानाखाली लटकायला केलेली. तिचं नाक फुगीर, शेपूट निमुळती. पंखांना घट्ट बांधलेली असताना तिने स्वतःहून सरळ राहण्याची कुणाला गरज नव्हती. आम्ही तिला चाकं लावली, मागे जड इंजिन ठेवलं आणि सरळ जा म्हणालो.

हे मोजायचं कसं? वायुबोगद्याचे पैसे नव्हते. वडिलांच्या शेडमध्ये फ्लायव्हीलचा तोल दोन सुऱ्यांच्या धारेवर ठेवून पाहत. ते आठवलं. गाडीचा बाजूने काढलेला फोटो मापात छापला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, कडेने कापला आणि पुठ्ठा पट्टीच्या धारेवर ठेवला. जिथे तोलला तिथे रेघ मारली. पुढच्या आसापासून मागे 1.40 मीटर. वजनाचा मध्य होता 1.74 मीटरवर. वारा वजनाच्या 34 सेंटिमीटर पुढे ढकलत होता.

पुठ्ठ्याची ही पद्धत आपल्याला झुकतं माप देते, हेही सांगायला हवं. गाडी थोडीशीच तिरकी असते तेव्हा वाऱ्याच्या जोराचा खरा मध्य पुठ्ठ्याच्या मध्याहून पुढे असतो. म्हणजे परिस्थिती दिसली त्याहून वाईट. मग पहिल्या दोन धावा सरळ कशा झाल्या? मागच्या टायरांच्या पकडीने. टायरची पकड एकच असते, ती पुढे ढकलण्यात खर्च झाली की बाजूला सांभाळायला उरत नाही. 138 ला इंजिन पूर्ण जोरात होतं आणि माती मोकळी होती.

मालक तो पुठ्ठा हातात धरून बराच वेळ उभा होता. मग त्याने तो भिंतीवरच्या छायाचित्राशेजारी टाचला.

कोणते पर्याय होते

वेगच कमी ठेवायचा, हा पर्याय मुलीने पहिल्याच मिनिटाला नाकारला आणि मला ते पटलं. 127 ला शेपूट सैल वाटत होती म्हणजे 120 ला गाडी सुरक्षित आहे असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

इंजिन पुढे घेऊन बर्क यांच्या पहिल्या गाडीसारखी मांडणी करायची, हा सर्वांत मुळातला उपाय. पण त्यात पिंजरा, सीट, स्टिअरिंग सगळं नव्याने आलं. थोडक्यात, दुसरी गाडी.

पुढचा आस 30 सेंटिमीटर पुढे सरकवायचा, हा इंजिनवाल्याचा प्रस्ताव. गाडी लांब झाली की शांत चालते, यात तथ्य आहे. पण आस सरकवल्याने वजनाचा मध्य वाऱ्याच्या मध्यासमोर सरकत नाही. दोघंही टाकीत आहेत तिथेच राहतात. स्टिअरिंगचं सगळं काम पुन्हा करून मुख्य दुखणं तसंच उरलं असतं.

उरले दोन उपाय. मागे पंखा, म्हणजे शेपटीवर उभा पत्रा लावून वाऱ्याचा मध्य मागे न्यायचा. किंवा नाकात वजन घालून वजनाचा मध्य पुढे आणायचा. मालकाला पंखा नको होता, त्याच्या छायाचित्रातल्या गाडीला तो नव्हता. इंजिनवाल्याला शिसं नको होतं. "एकेका हॉर्सपॉवरसाठी मी रात्री जागतो आणि तुम्ही गाडीत शिसं भरताय," असं तो कळवळून बोलला. त्याचं दुःख मला समजत होतं. पण सपाट आणि लांब पट्टीवर वजनाची किंमत वाटते तेवढी नसते. वजनामुळे वेग घ्यायला अंतर जास्त लागतं आणि चाकांचा रोध थोडा वाढतो. शेवटच्या वेगाला अडवते ती हवा. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 130 वरून 160 वर जायला वेग 23 टक्के वाढतो, पण ताकद 86 टक्के जास्त लागते. त्या हिशेबात शंभर किलो शिसं बारीक रक्कम आहे.

काय केलं

दोन्ही उपाय केले, आणि शिसं घालण्याआधी गाडीत जे होतं तेच हलवलं. लेकस्टरला सहसा रेडिएटर नसतो. धाव काही मिनिटांची, त्यामुळे इंजिन पाण्याच्या टाकीवर चालतं. आमची 45 लिटरची टाकी पार मागे, आसाच्याही मागे होती. ती पाण्यासकट 50 किलो भरत होती. ती नाकात गेली. बॅटरी 20 किलोची, तीही मागून उचलून पेडलपाशी आली. मग पुढच्या आसाच्या आसपास 110 किलो शिसं. मालकाने लोखंडी साच्यात त्याच्या विटा ओतल्या, प्रत्येक विटेला दोन आरपार भोकं, आणि त्या चौकटीला बोल्टने आवळल्या. सुटं वजन म्हणजे अपघातात तोफेचा गोळा. तपासनीस बोल्ट हाताने हलवून पाहतात.

पंखा 80 सेंटिमीटर लांब, 40 उंच. मालकाने तो वेगळा लावला नाही. पिंजऱ्यावरचा उंचवटा त्याने मागे ओढत नेला, तो निमुळता होत पंख्यात मिसळला. नजर त्या रेषेवरून कुठेही न अडखळता शेपटीपर्यंत जाते. त्याने हे काम तीनदा मोडून चौथ्यांदा केलं.

पुन्हा वजनकाटे लावले. एकूण 1010 किलो, पुढे 527, मागे 483. वजनाचा मध्य 1.34 मीटरवर आला. नवा पुठ्ठा पंख्यासकट 1.62 वर तोलला. आता वाऱ्याचा मध्य 28 सेंटिमीटर मागे होता.

पाणी पुढे नेल्याने मात्र नवं संकट उभं राहिलं, आणि ते मला आधी दिसलं नव्हतं. इंजिन मागे, पाणी पुढे, मध्ये ड्रायव्हर. उकळतं पाणी तिच्या मांडीशेजारून जाणार. रबरी नळी फुटली तर पट्ट्यांनी जखडलेल्या माणसाला हलताही येत नाही. शेवटी पोलादी नळ्या सीटखाली बंद पन्हळीतून नेल्या, जेणेकरून गळती झाली तर पाणी खाली जमिनीवर जाईल. पहिल्या चाचणीत इंजिन लगेच तापलं. नळीच्या उंच वळणात हवा अडकली होती. तिथे एक छोटी तोटी बसवली. पाणी भरताना ती उघडायची, फुसफुस थांबून सलग धार आली की बंद करायची. धावेआधीच्या यादीत आता हे पहिलं काम आहे.

पॅराशूटचा खटका स्टिअरिंगवर आला, अंगठ्याच्या टप्प्यात. मुलीने महिनाभर शेडमध्ये हेल्मेट, पट्टे, हातमोजे घालून डोळे मिटून तो दाबायचा सराव केला. त्याच बरोबर बाहेर पडायचाही. नव्या ड्रायव्हरला तपासनिसांसमोर कुणाच्या मदतीशिवाय गाडीतून बाहेर पडून दाखवावं लागतं. उंच कमानीमुळे तिला ते सोपं गेलं. मालकाने ते पाहिलं आणि तो कमानीबद्दल पहिल्यांदाच चांगलं बोलला.

काय झालं

2023 मध्ये एल मिराजवर फक्त चाचण्या केल्या, प्रत्येक वेळी थोडा वेग वाढवत. 2024 च्या ऑगस्टमध्ये बॉनव्हिलला गेलो.

मिठावर पहिल्यांदा पाय ठेवल्यावर अंतर कळत नाही. डोंगर जवळ वाटतात आणि तासभर गाडी चालवली तरी तेवढेच जवळ राहतात. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 फुटांवर आहे. हवा विरळ आणि वरून ऑगस्टचं ऊन, त्यामुळे सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या इंजिनाची बरीच ताकद तिथे जाते. हवेचा विरोधही तितकाच कमी होतो, हा दिलासा. इंजिनवाल्याने स्ट्रॉमबर्गच्या तिन्ही कार्ब्युरेटरांचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक छिद्रं, रात्री टॉर्चच्या उजेडात बदलले.

धावा छोट्या ट्रॅकवर. पहिली 128, दुसरी 147, तिसरी 156. प्रत्येक वेळी आम्ही वेगाच्या आधी गाडीतल्या यंत्राने टिपलेली स्टिअरिंगच्या हालचालीची नोंद पाहिली. तिसऱ्या धावेत रेघ जवळपास सपाट होती. एल मिराजची रेघ करवतीच्या दातांसारखी होती, ती आम्ही जपून ठेवली आहे. गाडीतून उतरल्यावर ती वडिलांना म्हणाली, वारा लागला तेव्हा गाडी आपणहून परत आली, मला काही करावं लागलं नाही. मालक त्यावर काहीच बोलला नाही. त्याने पंख्यावर तळहात ठेवला आणि तिथलं मीठ पुसलं.

विक्रम झाला नाही, आमचा तो हिशेबही नव्हता. चौथ्या धावेत तापमान चढलं, मागे पांढरी वाफ दिसली आणि तिने लगेच क्लच दाबून गाडी सोडून दिली. कागदावर 149 आले. इंजिनाच्या ब्लॉकला एका व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत चीर गेली होती. फ्लॅटहेडचं हे जुनं दुखणं. एक्झॉस्टचे मार्ग ब्लॉकच्या पोटातून जातात आणि प्रत्येक रांगेतल्या मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे उष्णता तिथेच साचते. लांबच्या नळ्यांतून पाणी पुरेसं फिरत नव्हतं का, हा प्रश्न मला अजून सतावतो.

आणखी एक नोंद महत्त्वाची. तिसऱ्या धावेत इंजिनाच्या फेऱ्यांवरून वेग 168 यायला हवा होता, घड्याळाने 156 दिला. चाकं मिठावर सुमारे 7 टक्के घसरत होती. मागच्या आसावरून आम्ही 75 किलो उचलून पुढे नेले, त्याची ही किंमत. सरळपणा विकत घेतला तो पकडीच्या बदल्यात. मला हा सौदा पटतो.

पुन्हा करायचं झालं तर

टाकीला कात्री लावण्याआधी वजनाचा तक्ता. प्रत्येक भाग, त्याचं वजन, पुढच्या आसापासूनचं अंतर, आणि शेजारी पुठ्ठ्याचा तोल. एका संध्याकाळचं काम आहे. माझ्याकडे सगळे आकडे होते आणि मी फक्त मागच्या चाकांकडे पाहत राहिलो. ती दोन वेळा शेपूट सैल आहे म्हणाली, तेव्हा आम्ही टायरच्या हवेशी खेळलो. ड्रायव्हरने एकच गोष्ट दोनदा सांगितली की तिसरी धाव थांबवायची, हे आता आमच्यात ठरलं आहे आणि ते थांबवण्याचा अधिकार चौघांपैकी कुणालाही आहे.

पिंजरा आधी, कवच नंतर. पिंजऱ्यात ड्रायव्हर हेल्मेटसह बसवून, त्याभोवती टाकी कुठे कापायची याची रेघ मारायची. पाणी पहिल्यापासून पुढे ठेवायचं असेल तर नळ्यांसाठी सीटखाली जागा सोडता येते. आम्ही ती नंतर उकरून काढली आणि वळणं वाढली.

टाकीबद्दल मला आजही एक खंत आहे. खालचा गंजलेला भाग टाकून वरच्या धड भागावरून साचा घेतला असता, तर वरचा अस्सल अर्धा भाग न कापता वाचला असता आणि गाडीही झाली असती. मालकाला हे पटत नाही. तो पत्रा शेतात कुजण्यापेक्षा मिठावर धावला, हे त्याला जास्त मोलाचं वाटतं.

मीठ धातू खातं. परतल्यावर गाडी पूर्ण उघडून शिवणीशिवणीत गोड्या पाण्याने धुतली, तरी दोन महिन्यांनी पंख्याच्या मुळाशी पांढरी पूड दिसली. आता जोडाच्या आत मेण भरून ठेवतो.

दुसरा ब्लॉक मिळाला आहे. चिरांसाठी तपासून तो सध्या सिलिंडरांच्या बोरिंगला गेला आहे. घसरणं कमी करायला मागच्या आसावर 60 किलो शिसं घालावं असं इंजिनवाल्याचं म्हणणं आहे, शिशाला विरोध करणारा आता तोच मागतो आहे. तसं केलं तर वजनाचा मध्य 8 सेंटिमीटर मागे सरकतो आणि वाऱ्यापासूनचं अंतर 28 वरून 20 सेंटिमीटरवर येतं. त्याबरोबर नाकात आणखी 30 किलो घातलं तर अंतर साडेतेवीसच्या आसपास राहतं, पण पुढच्या टायरांवरचा भार पुन्हा तपासावा लागेल. मी तक्ता दोन्ही बाजूंनी करून मुलीकडे दिला आहे. गाडीत ती बसते, तेव्हा किती सेंटिमीटर हवेत हे ती सांगेल.